मोटारीचं दावं

नळदुर्गच्या बैलबाजारात माणिकप्पा दलालाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बैलाचा ओठ वर करून त्यानं एकदा दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि मान डोलावली, की गिऱ्हाईक निर्धास्त होई. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, खांद्यावर जाडंभरडं उपरणं, आणि त्या उपरण्याखाली बोटं धरून ठरवलेला भाव. उपरण्याखाली काय ठरलं ते देणारा, घेणारा आणि माणिकप्पा सोडून चौथ्याला कधी कळलं नाही. पोटातलं पोटात ठेवणारा माणूस होता तो.

पण त्याचा खरा हट्ट दाव्याचा. बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकणाऱ्याच्या घरीच राहावं, ही आपल्याकडची जुनी रीत. दाव्याबरोबर घराची बरकत जाते, दावण ओस पडते, असं म्हणतात. बाजाराच्या गडबडीत लोक विसरत. माणिकप्पा विसरू देत नसे. ईट गावचा एक शेतकरी एकदा बैल आणि दावं दोन्ही घेऊन वेशीपर्यंत गेला होता, तर यानं धोतराचा सोगा हातात धरून पळत जाऊन त्याला गाठलं आणि दावं सोडवून आणलं. म्हणून बाजारात कुणी बैल घ्यायला आलेला दिसला, की 'शरणार्थी' म्हणून नमस्कार करायच्याही आधी याचा प्रश्न ठरलेला.

"नवं दावं आणलाव का?"

आणलं नसेल तर आधी दोरवाल्याकडं पाठवी, मगच बैलाच्या तोंडात हात घाली.

असा हा माणूस. त्यानं दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या साली मोटार घेतली, तेव्हा गावानं तोंडात बोट घातलं. उभी हयात बैलाच्या शेपटीमागं गेलेली. त्याला मोटारीची हौस आली म्हणावं तर हौस करण्याचं वयही राहिलं नव्हतं. बब्रुवान म्हणून बाजारातला दुसरा दलाल होता, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "म्हाताऱ्या बैलाला झूल आवडती म्हणत्यात, त्यातली गत."

गत तशी नव्हती. माणिकप्पाची बायको चन्नम्मा कडब्याच्या गंजीवरून पडली, त्याला बरीच वर्षं झाली होती. कमरेचं हाड वेडंवाकडं जुळलं. घरात ती भिंतीच्या आधारानं हिंडे-फिरे, भाकरी करी, पण बैलगाडीत बसवलं की पहिल्याच खड्ड्याला तिचं तोंड पांढरंफटक पडे. तिचं माहेर कानडी मुलखात, आळंदच्या अंगाला, सडकेपासून आत, काळ्या मातीत. सडकेपर्यंत सर्व्हिस मोटार होती. तिथून पुढं बैलगाडीच. तेव्हा पडल्यापासून माहेर तुटलं ते तुटलंच. तिकडं तिची आई शरणम्मा लेका-सुनेजवळ, आणि आता तिचे डोळेही गेलेले. दसऱ्याच्या सुमाराला तिचा निरोप आला होता, 'डोळं गेलं ते गेलं. मरायच्या आधी लेकीचं तोंड हाताला तरी लागू दे.'

निरोप ऐकून चन्नम्मा चुलीपुढं जाऊन बसली. चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं करत राहिली. ते माणिकप्पानं पाहिलं. बायकोला कसला दागिना, कसलं लुगडं त्यानं कधी हौसेनं आणलं नव्हतं. पण ती कशानं गप्प होते हे त्याला बैलाच्या दातांपेक्षा जास्त कळत होतं.

लोहारा गावच्या बाजूला एका जहागीरदाराची देवडी, म्हणजे मोठा वाडा, होती. जहागीरदार लढाईच्या दिवसांत वारले. मागं उरल्या त्या बेगमसाहेबा आणि दाऊदमियाँ नावाचा जुना ड्रायव्हर. दाऊदमियाँ आधी घोड्यांचा सईस होता. तबेल्यात घोडे जाऊन मोटार आली, तसा तोही ड्रायव्हर झाला. ती मोटार विकायची आहे असं कानावर आलं आणि माणिकप्पा गेला. मोटार होती मात्र राजेशाही. निळीशार, लांब नाकाची, चार दारांची, आत चामड्याच्या गाद्या, मागच्या खिडक्यांना जनान्यासाठी मखमली पडदे. मखमलीला कसर लागली होती, निळा रंग कोपऱ्यांत उडाला होता, पण माणिकप्पानं वाकून चाकांवरच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, पाहिल्या, मागच्या गादीवर बसून दोनदा-तीनदा अंग आदळून पाहिलं, आणि गादीनं त्याला अलगद झेललं तेव्हा त्याचा निर्णय झाला. पुढचं सगळं रिवाजापुरतं. त्यानं मोटारीचं नाक उघडायला लावलं, आत डोकावला, जणू काही कळतंय अशी मान हलवली, आणि मग खांद्यावरचं उपरणं काढून दाऊदमियाँच्या हातावर टाकलं. मोटारीचा भावही उपरण्याखालीच ठरला आणि उपरण्याखालीच राहिला.

निघायच्या वेळी दाऊदमियाँ फडक्यात गुंडाळलेली एक लोखंडी वाकडी दांडी घेऊन आला. मोटारीच्या नाकात घालून फिरवायचा हँडल.

"ह्ये बी घ्या, सेठ. सेल्फ कवा रुसला तर हेच कामाला येतंय."

माणिकप्पा दोन पावलं मागं सरला आणि त्यानं हात जोडले. "न्हाय दाऊदमियाँ. जनावर नेतो म्या. दावं देवडीतच ऱ्हाऊ द्या. दावण रिकामी करून जानार न्हाय."

दाऊदमियाँ हँडल हातात धरून तसाच उभा राहिला. पडद्याआडून बेगमसाहेबांचा आवाज आला, "सेठ ठीक कह रहे हैं, दाऊद. रख लो." त्या आवाजात ओल होती. जहागीर गेल्यात जमा, माणसं पांगलेली, आणि अशा वेळी एक परका माणूस घराची बरकत घरीच ठेवा म्हणतो. त्या भारावल्या घटकेत दावं लोखंडाचं आहे आणि सेल्फ रुसला की त्यावाचून जनावर जागचं हलत नाही, एवढं फक्त बोलायचं राहून गेलं.

दाऊदमियाँनं नळदुर्गला येऊन राहून त्याला मोटार शिकवली. सुरुवातीला माणिकप्पा वळणावर 'हः, हः' करी आणि हातातल्या चाकाऐवजी जिभेनंच मोटार वळवू बघे. पण हाताला जनावराची सवय होती, अंगात धीर होता, जमलं. बब्रुवान रोज बघायला येई. "किती दाती हाय म्हनायची मोटार? समदे दात येऊन जुळली का अजून?"

"जुळली," माणिकप्पा म्हणे. "पर तुझ्यापरीस कमी वरडती."

दाऊदमियाँ माघारी गेला आणि दिवाळी सरता सरता सेल्फ मेला. बटण दाबलं की नुसता खोकल्यासारखा आवाज. बॅटरी म्हातारी झाली होती, आणि लढाईनंतरच्या त्या टंचाईत नवी बॅटरी सोलापुरातही औषधाला मिळेना. सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं मोठ्या मनानं आपला हँडल लावून पाहिला, तो बसेना. तेव्हापासून माणिकप्पाच्या मनानं घेतलं, की ज्या मोटारीचा हँडल त्याच मोटारीला, बैलाचं शिंग जसं त्याच बैलाला. देताना तो त्याला दावं म्हणाला होता आणि आता नड लागल्यावर शिंग म्हणू लागला, हे त्याच्या काही ध्यानात आलं नाही. अडलेल्या माणसाची अक्कल नेमकी अडल्या जागीच बसते.

देवडीतून हँडल मागून आणा, असं चार जणांनी सुचवलं. तो म्हणाला, "दिलेलं दावं कुनी माघारी मागतंय व्हय?" आणि विषय संपला.

मग त्यानं बैल जुंपून पाहिले. उत्तरेश्वर देवाच्या नावानंसुद्धा सोडली नसती अशी त्याची लाडकी जोडी; तिच्यामागं मोटार बांधली. बैल मोटार ओढत ऐटीत चालले, पण चालण्यानं काय होतंय, पळायला हवं. पळवले, तर मोटार एकदम सुरू होऊन मागून डुरकली, आणि बैल जोखड मोडून थेट बोरी नदीत. बाजारात ही गोष्ट पुढं कितीतरी दिवस पुरली.

शेवटी उपाय निघाला तो उताराचा. नळदुर्गात उताराला काय तोटा. घरासमोर रस्ता बोरीकडं उतरतो तिथं मोटार उभी करायची, चाकांना धोंडे लावायचे. निघायच्या वेळी धोंडे काढले की मोटार गडगडत खाली जाई आणि अर्ध्या उतारावर फुरफुरून जिवंत होई. पक्क्या सडकेवर बंद पडली तर चार माणसं ढकलून चालू करत. काळ्या मातीत मात्र दहा माणसं लावली तरी चाक रुतायचं, गती म्हणून येत नसे. आणि चन्नम्माचं माहेर होतं नेमकं काळ्या मातीत, तळहातासारख्या सपाट रानात.

तरी ते गेले. मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, म्हणजे येळवस, झाली, रानात पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकप्पानं लिंगपूजा आटोपून मोटारीच्या नाकावरही विभूतीची तीन बोटं ओढली. चन्नम्मा मागच्या गादीवर बसली. पडदे तिनं बाजूला सारले. तिला रस्ता बघायचा होता. येळवसची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आईसाठी घेतलेलं मऊ लुगडं तिच्या मांडीवर. खड्डा आला की माणिकप्पा आरशात तिचं तोंड बघे. तोंड पांढरं पडलं नाही. आळंदच्या वाटेवर एकदा ती आपणहून म्हणाली, "पाळन्यावानी हाय वो." माणिकप्पाला त्या दिवशी आपण जन्मात केलेला सगळ्यात चांगला सौदा हाच, असं वाटलं.

माहेर आलं. मोटार दारापुढं उभी राहिली, पण बंद करायची सोय नव्हती. एकदा बंद केली, तर ती त्या काळ्या मातीत कायमची रुजायची. पेट्रोल रेशनवर मिळालेलं, जेमतेम जाऊन-येऊन पुरेल इतकं, आणि ते उभ्या जागी जळत होतं. माणिकप्पा चाकावर हात ठेवून तसाच बसला. पायातलं पायताणसुद्धा काढलं नाही. चन्नम्मा भिंतीला धरत आत गेली.

तिनं आईपुढं तोंड केलं. शरणम्माची बोटं कपाळावरून, नाकावरून, गालांवरून फिरली. भावजयीनं आंबिलीचा लोटा आणला. बाहेर मोटार घरघरत होती, भिंतीवरचे डबे तिच्या घरघरीनं किणकिणत होते. म्हातारीचा हात लेकीच्या गालावर आणि कान बाहेर.

"याक अवसर?" तिनं विचारलं. कन्नडात अवसर म्हणजे घाई. घाई का गं एवढी?

चन्नम्मा सांगू लागली, मोटारीचं असं असं आहे म्हणून. तिला स्वतःलाच ते नीट ठाऊक नव्हतं, ते डोळे गेलेल्या म्हातारीला काय सांगणार. तिनं लोटा ओठाला लावला आणि बाहेरून भोंगा वाजला. पेट्रोलचा काटा खाली चालला होता. लोटा तसाच ठेवून ती उठली. उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत म्हातारी पुन्हा एकदा तेच म्हणाली, पण आता ती विचारत नव्हती.

परतताना चन्नम्मानं पडदे लावून घेतले. नळदुर्गजवळ आल्यावर तिनं आईचे दोन शब्द तेवढे त्याला सांगितले. रागावली नव्हती ती. रागावली असती तर बरं झालं असतं. माणिकप्पाला दोन्ही भाषा सारख्याच येत. मराठीत अवसर म्हणजे सवड. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या मनात आलं, द्यायला गेलो होतो मराठीतला अवसर, आणि देऊन आलो कन्नडातला.

संक्रांत झाल्यावर तो सर्व्हिस मोटारीनं, मग पायी, असा देवडीला गेला. हँडल मागायचा, मग रीत गेली चुलीत, असं घरून ठरवून निघाला होता. देवडीच्या मोटारखान्यात आता मोटारीच्या जागी गोवऱ्या रचल्या होत्या. आणि समोरच्या भिंतीत, पूर्वी घोड्याचा लगाम टांगत त्या खुंटीला तो हँडल टांगलेला. तेल लावून पुसलेला. खाली मातीच्या धुपाटण्यात लोबानाची राख.

माणिकप्पानं ती राख पाहिली आणि घरून बांधून आणलेली वाक्यं गिळून टाकली.

दाऊदमियाँनं बाज टाकली, चहा आणला. "गाडी कशी हाय, सेठ?"

"झकास."

"सेल्फ धरतो?"

"धरतो की."

उभ्या जन्मात दलालानं सौद्यात खोटं सांगितलं नव्हतं, त्यामुळं त्याला ते नीट जमलंही नाही. दाऊदमियाँ बशीतला चहा फुंकत त्याच्याकडं बघत राहिला. त्या बॅटरीचं वय त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "उताराला लावताव काय?" त्यानं हळूच विचारलं.

मग माणिकप्पानं सगळं सांगितलं. सेल्फ, बैल, बोरी नदी, काळी माती, पेट्रोल, आंबिलीचा लोटा, म्हातारीचे दोन शब्द. शेवटी म्हणाला, "पर म्या ते मागायला आलो न्हाय बरं का. खुंटीवरलं खुंटीवरच ऱ्हाऊ द्या. गाठ घ्यावी म्हनलं तुमची."

दाऊदमियाँनं बशी खाली ठेवली. "सेठ, एक पुसतो. बाजारात गिऱ्हाईक आलं की तुमी पैला सवाल काय करताव?"

"कुठला सवाल?"

"सलामदुवाच्याबी आगूदर करताव तो."

माणिकप्पा बोलायला गेला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "नवं दावं आणलाव का," तो पुटपुटला.

"मग? जुनं आमच्याकडं ठिवलाव, ते रीतीला धरून झालं. नवं कुठं आणलाव तुमी?" दाऊदमियाँ म्हणाला. "चूक माझीबी हाय. त्या दिवशी दिल भरून आलता, सुचलंच न्हाय."

ज्या रिवाजासाठी आयुष्यभर लोकांच्या मागं पळाला, त्याचा अर्धाच भाग त्यानं स्वतः पाळला होता. माणिकप्पानं कपाळावर हात मारून घेतला आणि हसत सुटला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं उपरण्यानं पुसलं, आणि पुन्हा हसला. दाऊदमियाँनं हँडल खुंटीवरून उतरवला, बिस्मिल्ला म्हणून हातात घेतला, आणि दोघं मिळून बिरदेव लोहाराच्या भात्यावर गेले. लोहारानं जुन्याचं माप घेऊन नवा घडवला. तो तयार होताच जुना परत खुंटीवर गेला. दाऊदमियाँनं तो लोहाराकडं मुक्कामाला राहू दिला नाही.

शिमग्याच्या आधी ते पुन्हा माहेराला गेले. रब्बीची ज्वारी काढून झाली होती, रानं मोकळी होती, आणि त्या सपाटीवर मोटारीचा आवाज लांबून ऐकू जाई. म्हातारीनं तो ऐकला असणार. चन्नम्मा उंबरा ओलांडून आत आली, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, आणि लेकीनं तिचा हात आपल्या गालावर ठेवला तरी तो हात हलला नाही. मागच्या खेपेला सगळा चेहरा चाचपणारी बोटं जागच्या जागी थांबली होती. बाहेर मोटार घरघरत होती. भिंतीवरचे डबे किणकिणत होते.

माणिकप्पानं नवा हँडल मांडीवर घेतला. लोखंड अजून काळंभोर होतं; घरी उतार होता, त्यामुळं त्याला अजून हातांचा घाम लागला नव्हता. चालेल का, न चाललं तर काय, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्यानं मोटार बंद केली.

डबे वाजायचे थांबले. कुठं तरी खळ्यावर कुणी बैलांना हाकत होतं, ते इतका वेळ ऐकूच आलं नव्हतं, ते आता ऐकू आलं. म्हातारीनं मान वर केली. थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. तिची बोटं हलली, लेकीच्या कपाळावर गेली, भुवयांवर आली.

"ईग बंदी, चन्नव्वा," ती म्हणाली. आत्ता आलीस.

चन्नम्मा कमरेला जपत पाय पसरून आईला टेकून बसली आणि भावजयीला म्हणाली, आंबील आण. बाहेर माणिकप्पानं मोटारीतून उतरून पायातलं पायताण काढलं.